१९४० च्या वैमानिकाचं पिवळं जॅकेट खेळण्यासारखं का दिसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १/३२ मापाची आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, वैमानिकाची फिगर (छोटी मूर्ती) रंगवली, पण लाइफ जॅकेट प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं दिसतंय आणि चेहरा बाहुलीसारखा झालाय. शिवाय जुन्या फोटोंत जॅकेट गडद दिसतं, मग ते पिवळं करायचं की खाकी? आधी फोटोंबद्दल बोलू, कारण जॅकेटचं उत्तर तिथेच आहे.

त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म बरीच वापरात होती. तिच्यावर लाल रंग जवळपास उमटतच नाही आणि पिवळाही काळपट येतो. विमानाच्या अंगावरच्या गोल चिन्हाची बाहेरची पिवळी कडा काही फोटोंत काळी दिसते ती यामुळेच. तुमच्या फोटोत ती कडा दिसत असेल तर आधी तिच्याकडे बघा. ती काळपट असेल, तर जॅकेटच्या गडदपणावरून काहीच ठरवता येणार नाही.

गुंता एवढ्यावर सुटत नाही. १९३२ पॅटर्नचं ‘मे वेस्ट’ (वैमानिकांच्या या लाइफ जॅकेटचं टोपणनाव) मुळात खरंच हिरवट खाकी कापडाचं होतं. समुद्रात पडलेला माणूस शोधणाऱ्यांच्या नजरेस पडावा म्हणून १९४० मध्ये अनेक वैमानिकांनी ते पिवळ्या रंगाने रंगवून घेतलं. मुळातच पिवळं असलेलं जॅकेट १९४१ पॅटर्नचं. म्हणजे तुमच्या वैमानिकाच्या अंगावर खाकी कापडावर हाताने फासलेला रंग आहे. असा रंग घडीवर तडकतो, पॅराशूटच्या पट्ट्यांखाली घासला जातो, शिवणीत कमी पोचतो. तुमचं जॅकेट खेळण्यासारखं दिसतंय, कारण त्याचा पिवळा सगळीकडे एकसारखा आहे.

म्हणून आधी संपूर्ण जॅकेट हिरवट खाकी करा. त्यावर पिवळ्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून तीन-चार पातळ हात द्या. पिवळा झाकायला कमजोर रंग आहे, पण इथे ते पथ्यावरच पडतं. बाह्यांची भोकं, नाड्यांची मुळं, पट्ट्यांच्या कडा इथे खाकी किंचित डोकावू द्या. सावलीसाठी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) वापरा, काळा चुकूनही नको. माझी पहिली दोन जॅकेटं काळ्यानेच बिघडली होती. पिवळ्यात काळा गेला की रंग शेवाळी होतो. उजेडाच्या जागी नुसता पांढरा मिसळलात तर पिवळा खडूसारखा फिका पडतो, त्यापेक्षा हस्तिदंती बरा.

जॅकेट जमलं की बाकीचे कपडे याच नजरेने बघा: हे कशाचं बनलंय आणि कुठे झिजतं? आयर्विन जॅकेट, म्हणजे वैमानिकांचं उबदार जॅकेट, बाहेरून गडद तपकिरी चामडं, आतून मेंढीची लोकर. चामड्याला अर्धवट चमक ठेवा आणि कोपर, खिशाच्या कडा, शिवणी इथे फिकट तांबूस रेघा ओढा. कॉलरच्या लोकरीला आधी मळकट पिवळसर तपकिरी रंग आणि वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने मलईचा रंग. गणवेशाचं निळसर करडं कापड मात्र पूर्ण मॅट हवं. तिथे चमक राहिली तर लोकरी कापडाचं रबर झालंच म्हणून समजा. आणि गणवेशाचं सगळ्यात वरचं बटण उघडं आहे का, ते रंगवण्याआधी बघून घ्या. ते उघडं ठेवणं ही फायटर वैमानिकांची खास खूण होती. गळ्यातला रेशमी रुमालही मिरवण्यापुरता नव्हता. शत्रूला शोधत मान सतत वळवावी लागायची आणि कॉलरने गळा सोलवटायचा.

आता चेहरा. या मापात उभा माणूस साधारण ५५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे डोळा जेमतेम एक मिलिमीटर रुंद. एवढ्याशा डोळ्यात शुद्ध पांढरा भरला की नजर वटारलेली दिसते. त्याजागी फिकट करडा त्वचारंग भरा, वरच्या पापणीला गडद तपकिरी रेघ द्या, खालची पापणी मोकळी सोडा. आकाशात उन्हाकडे बघणारा माणूस डोळे बारीकच करतो, त्यामुळे बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली गेला पाहिजे. ओठांना लाल नको. वरचा ओठ त्वचेपेक्षा जरा तांबूस गडद आणि खालच्या ओठाखाली सावली, एवढं पुरतं. मी चेहऱ्याला अ‍ॅक्रिलिकचा बेस देऊन वर ऑइल रंग लावतो. ऑइल आधी तासभर पुठ्ठ्यावर काढून ठेवलं की त्यातलं तेल शोषलं जातं आणि चेहरा तुकतुकीत होत नाही. सावली आणि उजेडाची सीमा कोरड्या ब्रशने हलकेच थोपटत मिसळायची, ओढायची नाही.

पुढची फिगर करायची झाली तर भारतीय वैमानिक महिंदरसिंग पुज्जींचा विचार जरूर करा. १९४१ मध्ये ते आरएएफकडून हरिकेन हे लढाऊ विमान उडवायचे, तेही पगडी घालून. पगडीच्या घड्या बारीक आणि धारदार असतात, लोकरी गणवेशाच्या जाड, गोलसर. दोन्ही शेजारी रंगवताना हात फार तयार होतो, आणि असा वैमानिक शेल्फवर क्वचितच दिसतो याची मला खंत वाटते.

तुमची आत्ताची फिगर पूर्ण धुऊन काढायची गरज नाही. जॅकेटवर सरळ खाकीचा हात द्या. चेहऱ्यावर मात्र रंगाचा थर जाड दिसतोय, नाकपुड्या बुजल्यात, तेवढा उतरवाच. वार्निश अगदी शेवटी, आणि ऑइल सुकायला निदान आठवडा देऊन.