चहाची खोली बंद होतेय, काय करू?

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात पाषाणच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. आमची तळमजल्यावरची चहाची खोली आता स्टोअरला देणार आहेत आणि प्रत्येक मजल्यावर चहाचं मशीन बसवणार आहेत. गप्पांत वेळ जातो, असं वरिष्ठांचं म्हणणं. खोली वाचवण्यासाठी काही म्हणता येईल का?

उत्तर : म्हणता येईल. लेखी म्हणा, आणि एकटीने नको, चारपाच विभागांच्या सह्या घेऊन म्हणा.

मशीन मजल्यावर आलं की माणूस कप भरतो आणि आपल्या टेबलाशी परततो. एमआयटीच्या टॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकात हे मोजून दाखवलंय : बसायच्या जागा जसजशा दूर, तसतसं आपसातलं बोलणं झपाट्याने घटतं आणि तीसेक मीटरपलीकडे फारच थोडं उरतं. केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॅक्स पेरुत्झ यांनी सगळ्यांसाठी कॅंटीन ठेवलं, ते त्यांच्या पत्नी गिझेला यांनी कित्येक वर्षं सांभाळलं. पेरुत्झना १९६२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हेही अर्जात घाला.

मी रसायनातली. माझ्या एका विद्यार्थ्याने जोडलेली काचेची नळी गार होताना दर वेळी सांध्यापाशी तडकायची. चहाला त्याने सहज ते तुकडे टेबलावर ठेवले. काचकाम विभागातले एक ज्येष्ठ मिस्त्री शेजारी बसले होते. त्यांनी तुकडे उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "अहो, ही बोरोसिलिकेट आणि ही साधी सोडा काच. तापल्यावर दोघी सारख्या फुगत नाहीत, मग तडकणारच." इंडेंट, म्हणजे कामाच्या मागणीचा फॉर्म, भरून हे कोणी विचारलं नसतं, कारण काय विचारायचं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणून वर्कशॉपची, स्टोअरची, जनावरघराची माणसं त्या टेबलाशी हवीतच. नुसते शास्त्रज्ञ बसत असतील तर ती खोली अर्धीच आहे.

"गेटबाहेर टपरी आहे की!" असं तुम्हाला ऐकवतील. टपरी मलाही प्रिय आहे. पण तिथली बैठक रंगते संध्याकाळी सातनंतर. ज्यांना पीएमपीची बस गाठायची असते, ज्यांचं मूल पाळणाघरात वाट पाहत असतं, त्या बायका तिथे नसतात, आणि मार्गदर्शकाच्या कानावर नव्या कल्पना आधी त्यांच्याच पोचतात जे तिथे असतात. हा अन्याय मला फार खुपतो. कामाच्या वेळेतला, आवारातला चहा हवा. टेबलावर तमिळ किंवा बंगाली मुलगी असेल तर तिला कळेल अशा भाषेत बोला.

खोली गेलीच, तर जिन्याजवळची मोकळी जागा मागा : लांब बाकं, फळा आणि खडू. चहा मशीनचाच चालेल, वेळ मात्र सगळ्यांची एक ठरवा, साडेतीन म्हणजे साडेतीन. आणि तुमच्या गाइडना पहिल्या दिवशी स्वतः बोलावून आणा.