खापरांकडं बघायला शिक

भावा, कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमात पोसायडनच्या ब्राँझ मूर्तीपुढं सगळेच थबकतात, तूही थबकशील. वीतभरही नसलेला, रोमन घडणीचा हा ग्रीक समुद्रदेव पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात सापडला. सातवाहन काळातला व्यापार कुठवर पोचला होता बघ! पण खरा अभ्यास खापरांचा. काठाची घडण, रंग, आतल्या बाजूला कुंभाराच्या चाकाच्या रेघा आहेत का, हे हातात धरून न्याहाळ. सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीत उत्खनन केलं, तेव्हाही काळ ठरवायला मातीचे थर आणि खापरंच कामी आली. नदीकाठी काही दिसलं तर खिशात घालू नको (ही खोड लई जणांना असते). जागेवरच शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढ. नाणी सापडली तर थेट जिल्हाधिकारी कार्यालयाला कळव, १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे तसा.