लिनक्सच्या कर्नलमधून जुन्या यंत्रांचा आधार का काढून टाकतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांना जोडणाऱ्या त्या प्रणालीच्या गाभ्यातून, इंटेलचा जुना ४८६ प्रोसेसर वगळण्याचा प्रस्ताव आला, यापूर्वीही कितीतरी कार्डे आणि सोयी काढून टाकल्या गेल्या, तो कोड नुसता पडून राहिला असता तर कोणाचे काय बिघडले असते, आणि आपल्या चोपडा तालुक्यात जिनिंगच्या वजनकाट्यावर जे जुने संगणक व डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून चालत आहेत, त्यांचे पुढे काय व्हायचे?

मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील पतसंस्था, जिनिंग आणि डाळमिल यांच्या संगणकांची देखभाल वीस-बावीस वर्षे करीत आलो आहे. कर्नल लिहिणाऱ्यांपैकी मी नाही, परंतु तेथे काही बदलले की त्याचा फोन मला येतो, म्हणून हे का बदलले याचा शोध घेण्याची सवय लागली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. जुना कोड काढल्याने आपला संगणक वेगवान होत नाही आणि डिस्कवर म्हणण्यासारखी जागाही सुटत नाही. कर्नलचा मूळ कोड आज ३ कोटी ओळींच्या वर गेला आहे, पण त्यातला फार थोडा भाग आपल्या यंत्रावर चालतो. बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे एकेक यंत्र चालवणारे कोडचे भाग, सुटे असतात आणि ते ते यंत्र जोडलेले असेल तरच स्मृतीत चढतात. तेव्हा जागेचा प्रश्नच नाही. खरी अडचण ही की, तो कोड आपण समजता तसा ‘पडून’ राहत नाही.

कर्नलचे बाहेरच्या प्रोग्रॅमशी एक वचन असते : काल चालणारा प्रोग्रॅम उद्याच्या कर्नलवरही चालला पाहिजे. याबाबत लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स किती कठोर आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु कर्नलच्या आत, एका भागाचे दुसऱ्या भागाशी असे कोणतेही वचन नसते. आतले एखादे फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, बदलले तर ते वापरणारा प्रत्येक ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि तो बदलण्याची जबाबदारी ज्याने फंक्शन बदलले त्याच्यावर येते. त्या माणसाने ते कार्ड कधी डोळ्यांनी पाहिलेले नसते. तो ओळी दुरुस्त करतो, कंपाइल करतो, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करून पाहतो, चूक दिसली नाही की पुढे जातो. पंधरा वर्षांत असे दहा-बारा हात एखाद्या ड्रायव्हरवरून फिरले, आणि त्यांतल्या एकाकडेही ते कार्ड नव्हते, तर तो ड्रायव्हर आज चालतो की नाही हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हे मी प्रत्यक्ष भोगले आहे. एका पतसंस्थेत एकाच संगणकाला आठ सिरियल पोर्टांचे कार्ड बसवून काउंटरांवर टर्मिनल जोडलेली होती आणि जुन्या लिनक्सवर ती व्यवस्था वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली. पुढे डिस्क गेली, म्हणून मी नवी आवृत्ती बसवली. कार्ड ओळखले गेले, आठही पोर्ट दिसले, ड्रायव्हरने कसलीही कुरकुर केली नाही. मात्र दोन काउंटर एकाच वेळी चालू झाले की खात्याच्या क्रमांकातला एखादा आकडा मध्येच गळू लागला. केबल बदलल्या, अर्थिंग तपासले, टर्मिनलांची अदलाबदल केली, आणि तीन दिवसांनी जुनी आवृत्ती दुसऱ्या डिस्कवर चढवली तेव्हा सर्व काही पूर्ववत झाले. काही वर्षांनी तो ड्रायव्हरच काढून टाकल्याचे वाचले तेव्हा मला दुःख झाले नाही. तो आधीच निघाला असता तर माझे तीन दिवस आणि त्या पतसंस्थेच्या रोखपालाचा मनस्ताप वाचला असता, कारण ‘आधार नाही’ असे स्पष्ट कळले की माणूस दुसरा मार्ग शोधतो. नावापुरत्या आधारावर मात्र तो विसंबून राहतो, आणि पतसंस्थेत एक आकडा गळणे म्हणजे दुसऱ्याच्या खात्यात रक्कम जमा होणे होय.

ज्यांनी पाचोरा-जामनेरची पीजे ही छोटी रेल्वे पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. केवळ रूळ जागेवर होते म्हणून ती गाडी चालत नव्हती. त्या अरुंद मापाची इंजिने, त्यांचे सुटे भाग आणि ते जाणणारे कारागीर हे सारे वेगळे सांभाळावे लागत होते.

आता प्रोसेसरकडे येतो, कारण आपल्या प्रश्नाचा रोख तिकडे आहे. टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले ते ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर. त्याच ३८६ चा आधार डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलचे एक विकासक इंगो मोल्नार यांनी पाठवलेल्या बदलांनी काढला गेला आणि २०१३ च्या आरंभी आलेल्या ३.८ आवृत्तीपासून तो नाही. आपण भावुक होणारे नाही, अशा अर्थाचे दोन शब्द लिहून टॉरवाल्ड्स यांनी ते बदल स्वीकारले. कारण समजून घेण्यासारखे आहे. दोन प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) स्मृतीचे एकच पान (ठरावीक आकाराचा तुकडा) वाटून घेतात तेव्हा कर्नल त्या पानावर ‘लिहिण्यास मनाई’ अशी खूण करून ठेवतो. कोणी लिहू लागले की प्रोसेसर अडवतो, कर्नल त्या पानाची वेगळी प्रत करून देतो आणि मग लिहिणे होते. ३८६ ची खोड अशी की, लिहिणारा स्वतः कर्नल असेल तर तो ही खूण जुमानत नसे. त्यामुळे वापरकर्त्याच्या स्मृतीत काहीही लिहिण्यापूर्वी कर्नलला ते पान स्वतः तपासावे लागे, आणि तपासणे व लिहिणे यांच्या मधल्या क्षणात परिस्थिती बदलली तर काय, हा प्रश्न शिल्लकच राही. याशिवाय एखाद्या जागेतील मूल्य ताडून ते एका दमात बदलण्याची सूचनाही, म्हणजे प्रोसेसरला समजणारी तशी आज्ञाही, ३८६ मध्ये नव्हती, ती ४८६ मध्ये आली. अनेक प्रोसेसर एकत्र चालवणाऱ्या आजच्या कर्नलचा पायाच अशा सूचनांवर उभा आहे. म्हणजे एका प्रोसेसरसाठी सर्वांच्या वाटेवर एक खाचखळगा राखून ठेवायचा आणि तेथून जाणाऱ्या प्रत्येकाने तो आठवणीने ओलांडायचा, असा तो प्रकार होता.

४८६ ची कथा याच वळणाची आहे. मोल्नार यांनीच एप्रिल २०२५ मध्ये त्याचा आधार काढण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात किमान अपेक्षा दोन ठेवल्या : प्रोसेसरमध्ये घड्याळाचे ठोके मोजणारा गणक असावा, आणि ८ बाइट एका दमात ताडून बदलण्याची सूचना असावी. या दोन्ही गोष्टी १९९३ च्या पेंटियमपासून मिळतात. ज्या प्रोसेसरमध्ये त्या नाहीत तेथे कर्नल इंटरप्ट, म्हणजे मध्येच येणारे यंत्रांचे इशारे, थोपवून त्या सूचनेची नक्कल करतो, आणि ४८६ एसएक्ससारख्या ज्या प्रोसेसरला दशांश गणिताचा स्वतंत्र भाग नाही त्याच्यासाठी ते गणितही कर्नलच करून देतो. इंटेलने ३८६ आणि ४८६ यांचे उत्पादन यंत्रसामग्रीत बसवण्यासाठी २००७ पर्यंत चालू ठेवले होते, त्यामुळे ही यंत्रे जगात कोठेच नाहीत असे मी म्हणणार नाही. त्यांच्यावर आजचा कर्नल कोणी चालवत असेल, हे मात्र मला संभवनीय वाटत नाही.

मोठी साफसफाई २०१८ च्या ४.१७ आवृत्तीत झाली. त्या वेळी कर्नलचे विकासक आर्न्ड बर्गमन यांनी ब्लॅकफिन, क्रिस, टाइल यांसह ८ प्रोसेसर-कुळे एकदम काढली आणि जवळपास ५ लाख ओळी गेल्या. काढलेले परत येत नाही असेही नाही. एच८३०० नावाचे कुळ ३.१३ मध्ये काढले गेले, सांभाळणारा भेटल्यावर ४.२ मध्ये परत आले आणि तो थकल्यावर ५.१९ मध्ये पुन्हा गेले. जुना कोड इतिहासात जसाच्या तसा असतो. नसतो तो त्याला वागवणारा माणूस. कधी कधी तर काढण्याने कोणाचेच काही जात नाही : २०१५ मध्ये ईएक्सटी३ या फाइलव्यवस्थेचा स्वतंत्र कोड गेला, पण ईएक्सटी४ चा ड्रायव्हर त्या डिस्का आधीपासूनच वाचत होता, त्यामुळे बहुतेकांना पत्ताही लागला नाही.

यंत्रांबरोबर मोडकळीस आलेल्या सोयीही जातात, आणि तेथे माझी फजिती झाली आहे. चित्रमय पडदा नसलेल्या काळ्या कन्सोलवर शिफ्ट आणि पेज-अप दाबले की वर सरकून गेलेल्या ओळी पुन्हा दिसत. डेबियन या लिनक्सच्या वितरणाची (कर्नल व इतर प्रोग्रॅम एकत्र करून दिलेल्या संचाची) ११ वी आवृत्ती बसवल्यावर एका सर्व्हरवर हे चालेना. मी कळफलक बदलला. मग दुसरा बदलला. वस्तुस्थिती अशी होती की, सप्टेंबर २०२० मध्ये, ५.९ आवृत्ती तयार होत असताना, टॉरवाल्ड्स यांनी स्वतः ती सोय काढून टाकली होती. त्या कोडमध्ये स्मृतीच्या हद्दीबाहेर जाणाऱ्या चुका सापडत होत्या, बारीकसारीक अपवादांची गुंतागुंत होती, आणि त्या निस्तरायला कोणी पुढे येत नव्हते. कन्सोलवर बसून दिवसभर काम करण्याचा काळ गेला आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही, कारण संगणक सुरू होता होता अडकला की माझे काम त्याच काळ्या पडद्यावर असते. तरीही कबूल करतो की, ती सोय मी रोज वापरत होतो आणि तिच्यासाठी एक ओळही लिहिली नव्हती.

सुरक्षिततेचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. वापरात नसलेला कोड निरुपद्रवी असतो हे खरे नाही. २०१५ मध्ये क्यूएमू या आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेनम’ नावाची त्रुटी उघडकीस आली, ती फ्लॉपी नियंत्रकाची नक्कल करणाऱ्या कोडमध्ये होती. फ्लॉपी कोणी वापरत नव्हते, पण त्या वाटेने आभासी (पाहुण्या) संगणकातून तो चालवणाऱ्या खऱ्या (यजमान) संगणकात शिरण्याचा धोका होता. लिनक्सचा स्वतःचा फ्लॉपी ड्रायव्हर मात्र अजून आहे : २०१९ मध्ये त्याच्या सांभाळकर्त्याने चालू स्थितीतली ड्राइव्ह नसल्यामुळे तो अनाथ घोषित केला, आणि थोड्याच काळात दुसऱ्या एकाने तो पत्करला.

आता आपल्या बाजूचेही बोलतो. ‘इतक्या वर्षांत कोणाची तक्रार आली नाही, म्हणजे वापरणारा नाही’ हा काढून टाकण्यामागचा नेहमीचा युक्तिवाद मला पूर्णपणे मान्य नाही. काढण्याची सूचना इंग्रजीत निघते; शहाद्याच्या किंवा रावेरच्या ज्या माणसाच्या दुकानात ते कार्ड चालू असते तो ती वाचत नाही, आणि वाचली तरी कळवायचे कोणाला हे त्याला ठाऊक नसते. शिवाय असा माणूस आठ-दहा वर्षे जुनी आवृत्ती वापरत असतो, त्यामुळे त्याचा ओरडा ऐकू येईपर्यंत निर्णय जुना झालेला असतो. मोठ्यांचा ओरडा मात्र लवकर पोहोचतो. सायक्लेड्सच्या सिरियल कार्डांचा ड्रायव्हर २०२१ मध्ये काढला गेला. त्याबरोबर गेलेली एक हेडर फाइल (इतर कोडला लागणाऱ्या व्याख्यांची फाइल) कंपायलरच्या एका लायब्ररीत वापरली जात होती, ती बांधता येईना, म्हणून ती फाइल परत ठेवावी लागली. ड्रायव्हर परत आला नाही, हेडर तेवढी आली.

राहता राहिले आपल्या काट्याचे. तेथील ४८६ वर लिनक्स नव्हे तर डॉस ही जुनी प्रणाली असण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि तसे असेल तर लिनक्समधून काय निघाले याचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यावर लिनक्स असेल तर ते इतके जुने असणार की, कर्नलच्या नव्या निर्णयाने ते बंद पडणार नाही. आहे ती आवृत्ती आहे तशीच चालत राहील. डेबियनसारखी वितरणे तर कर्नलच्या कितीतरी आधीच पुढे निघून गेली आहेत : २०१७ च्या ९ व्या आवृत्तीपासून तिला किमान पेंटियम प्रोच्या दर्जाचा प्रोसेसर लागतो, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटांसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ३२ बिटांचा संगणक ठेवायचाच असेल तर १२ वी आवृत्ती बसवावी, तिची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत आहे.

प्रिंटरची काळजी करू नये. पॅरलल पोर्टचा आणि साध्या सिरियल पोर्टचा, असे दोन्ही ड्रायव्हर कर्नलमध्ये जागेवर आहेत. नव्या संगणकाला ते पोर्ट नसतात, पण कार्ड घालून ते मिळवता येतात. वजनाचा जुना डॉस प्रोग्रॅमच हवा असेल तर तो डॉसेमूमध्ये (लिनक्सवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालवून सिरियल पोर्ट आणि प्रिंटर त्याला जोडून देता येतो. काट्याच्या सील केलेल्या इंडिकेटरला हात लावू नये, बदलायचा तो केवळ संगणक. हे काम दसऱ्यापूर्वी करावे, कारण कापसाच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या की काटा एक तासही बंद ठेवता येत नाही. आणि सर्वांत आधी त्या जुन्या डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवावी, कारण कर्नलच्या निर्णयापेक्षा ती डिस्कच आधी दगा देण्याची शक्यता मला जास्त वाटते.