टॅकोमावर घरी बांधायचा पॉप-अप कॅम्पर: सुतारकामाआधी वजनाचा हिशोब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डबल कॅब (चार दारांची) टॅकोमा, म्हणजे टोयोटाचा पिकअप ट्रक, मागे सामानाचा पाच फुटी हौदा, तुम्ही दोघंच. पुढच्या उन्हाळ्यात युटा, यलोस्टोन आणि जमलं तर वर अलास्का. तयार पॉप-अप कॅम्पर (हौद्यात बसणारी झोपायची खोली, जिचं छत मुक्कामी वर उचललं की मधे कापडी भिंती उघडतात) वीस हजार डॉलरच्या पुढे जातो, म्हणून तो गॅरेजमध्ये स्वतः बांधायचाय. प्लायवूड घ्यावं की फोम, आणि छत उचलायचं कसं?

फोम घ्या. छत पुढे बिजागरीवर ठेवा आणि मागून उघडा. फोम का, ते वजनावरून कळतं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. जाहिरातीतला आकडा विसरा, तुमच्या गाडीचा खरा आकडा हाच. टॅकोमाला तो बहुतेक वेळा हजार-बाराशेच्या मधे येतो. अकराशे धरू. तुम्ही दोघं ३१०. पंधरा गॅलन पाणी १२५ (गॅलनला ८.३ पौंड, यात घासाघीस चालत नाही). फ्रिज आणि त्यातलं सामान ७०, बॅटरी आणि सोलर ६०, गॅस-शेगडी-भांडी ६०, कपडे, हत्यारं, खुर्च्या १५०. झाले ७७५. उरले ३२५ पौंड, आणि त्यात भिंती, छत, दार, गादी, बिजागऱ्या, स्क्रू सगळं बसवायचंय. अर्धा इंची प्लायची चार बाय आठची एक शीट साधारण ४५ पौंड भरते. अशा आठ शीट लागल्या तरी चौकट उभी करायच्या आधीच तुमचं बजेट संपलं. "हेवी ड्युटी स्प्रिंग टाकल्या की झालं" असं सांगणारे भेटतील. स्प्रिंगने गाडीची मागची बाजू वर येते, स्टिकरवरचा आकडा वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल आणि टायर तेच राहतात.

दोन इंची एक्सपीएस फोमची तेवढीच शीट सात-आठ पौंडांची. हा फोम म्हणजे होम डेपो या दुकानात गुलाबी किंवा निळ्या रंगात मिळतो तो, थर्मोकोलच्या गोळ्यांचा नव्हे. दोन्ही बाजूंना कापड आणि रंग चढवल्यावरही ती शीट वीस-बावीसच्या घरात राहते. शिवाय दोन इंचांना आर-१० इन्सुलेशन (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) आयतंच मिळतं.

फोमवर कॅनव्हास चिकटवायची पद्धत इकडचे लोक गमतीने 'गरिबाचं फायबरग्लास' म्हणून ओळखतात. रंगारी जमिनीवर अंथरतात ते सुती कॅनव्हास आणा आणि गरम पाण्यात धुऊन वाळवा, म्हणजे खळ निघते आणि जे आटायचं ते आधीच आटतं. फोमवरची प्लास्टिकची पातळ फिल्म सोलून काढा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि मग वर्षभरात कापड पापुद्र्यासारखं सुटून येतं. फिल्म काढल्यावर वॉलपेपर टोचायच्या चक्रीने फोमभर बारीक भोकं पाडा, ग्लूला धरायला जागा मिळते. टाइटबॉन्ड-२ हा लाकडाचा ग्लू किंचित पाणी घालून सैल करा, रोलरने फोमवर लावा, कापड पसरा आणि मधून कडेकडे हाताने दाबत न्या. वरून पुन्हा ग्लूचा हात फिरवा. कापड सगळीकडे एकसारखं ओलं, गडद दिसलं पाहिजे. फिकट ठिपका दिसला की खाली हवा आहे समजा. कापड कोपऱ्यावरून किमान तीन इंच पलीकडच्या भिंतीवर आलं पाहिजे, कारण या डब्याची ताकद त्या वळणात आहे. पूर्ण वाळल्यावर बाहेरच्या भिंतींना लावायचा लॅटेक्स रंग: पहिला हात पाणी घालून पातळ, म्हणजे तो विणीत मुरतो, मग तीन-चार हात जाड. रंग पांढराच निवडा. हा फोम साधारण १६५ फॅरेनहाइटच्या वर नरम पडतो, आणि युटाच्या जुलैमधल्या उन्हात गडद रंगाचं छत त्या दिशेने जायला वेळ लागत नाही. साध्या पॉलिएस्टर रेझिनचं फायबरग्लास यावर चुकूनही लावू नका, त्यातलं स्टायरिन फोम विरघळवतं. इपॉक्सी चालतं, पण महाग पडतं.

जिथे बोल्ट येणार तिथे मात्र फोमला काही अर्थ नाही. जमीन, बिजागरीची पट्टी, छताच्या खटक्यांच्या जागा आणि कॅम्पर हौद्याला बांधायचे चार कोपरे, इथे फोम कोरून प्लायचे तुकडे बसवा आणि मग वरून कापड ओढा. टॅकोमाचा हौदा कॉम्पोझिटचा आहे, पत्र्याचा नाही, त्यामुळे नुसतं भोक पाडून आयबोल्ट (कडीचा बोल्ट) लावू नका, खाली रुंद स्टीलची प्लेट हवी. घसरू नये म्हणून हौद्यात रबरी मॅट घालतात, तीही पातळ घ्या. घोड्यांच्या तबेल्यात घालायची पाऊण इंची मॅट सगळे सुचवतात, पण चार बाय सहाचा तिचा एक तुकडाच शंभर पौंडांच्या आसपास जातो.

आता छत. १९७२ साली कोलोरॅडोत सुरू झालेल्या फोर व्हील कॅम्पर्स या कंपनीच्या कॅम्परचं छत पुढून-मागून दोन्हीकडून सरळ वर जातं. आतल्या बाजूला पियानो बिजागरीने (सलग लांब पट्टीच्या बिजागरीने) जोडलेल्या घडीच्या फळ्या असतात आणि त्या ढकलल्या की उभ्या राहतात. रचना सुरेख आहे, पण घरी करताना चारही कोपरे एका पातळीत उचलणं हीच मोठी डोकेदुखी. चार कोपऱ्यांना चार इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर (मोटरने लांब होणारे दांडे) लावायचा मोह होईल, पण एखादा जरा मागे राहिला की छत पिळतं आणि फोमच्या जोडांना चिरा जातात. त्यापेक्षा पुढे एक लांब बिजागरी, मागे दोन गॅस स्ट्रट (आत दाबलेला वायू असलेले, छत वर ढकलणारे दांडे). झोपताना पाय बिजागरीकडे, कॅबच्या वर. डोकं मागे, जिथे उंची आहे. शिवाय बिजागरी पुढे असल्यामुळे हायवेवर समोरच्या वाऱ्याने छत उघडायचा धोका राहत नाही. तरी मागे दोन खटके आणि वरून एक पट्टा ठेवाच.

स्ट्रटबद्दल दोन गोष्टी. छत बंद असताना स्ट्रट जवळजवळ आडवा असतो, म्हणून पहिला फूटभर तुम्हालाच खांदा द्यावा लागतो. तेवढ्यासाठी जास्त जोराचे स्ट्रट घेतलेत तर बंद करताना त्याला लोंबकळत बसाल. दुसरं, आतला वायू थंडीत आकसतो. तापमान ३० अंश सेल्सियसने उतरलं की जोर साधारण दहा टक्के कमी होतो. दुपारी ऐटीत उभं राहिलेलं छत पहाटे हळूच खाली यायला लागतं. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन काठ्या आधाराला ठेवा आणि रोज रात्री लावा. सोलर पॅनल छतावर बिजागरीच्या जवळ लावा. तेच पॅनल मागच्या कडेला लावलंत तर उचलताना दुप्पट-तिप्पट जड वाटतं.

खालचा डबा आणि उचललेलं छत यांच्या मधल्या कापडी भिंतींना व्हिनाइल की अ‍ॅक्रिलिक कॅनव्हास? व्हिनाइल स्वस्त आणि पक्कं जलरोधक, पण रात्रभरचा श्वास आतूनच थेंब होऊन गादीवर उतरतो. मी अ‍ॅक्रिलिकच्या बाजूचा आहे. धागा उन्हाला टिकणारा पॉलिएस्टरचा घ्या, सुई ११०/१८ची. घरचं मशीन चार पदरांपर्यंत साथ देतं, कोपऱ्यात त्याच्या पुढे गेलं की हाताने टाके घाला. कापडाच्या निम्म्या उंचीवर आतून चारही बाजूंनी लवचिक दोरी ओवायला विसरू नका. छत खाली येताना ती कापड आत ओढून घेते. दोरी नसेल तर कापड बाहेर फुगतं, कडेत चिमटतं आणि रोज तिथेच घासून फाटतं. खिडक्यांना जाळी बारीक लावा, अलास्कात डास अस्वलांपेक्षा जास्त त्रास देतात.

विजेत फार गुंतू नका. १०० अँपिअर-अवरची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छतावर शंभर वॉटचं पॅनल आणि गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्जर एवढ्यात छोटा कॉम्प्रेसर फ्रिज आणि दिवे आरामात चालतात.

स्वयंपाक शक्यतो मागचं फळकं उघडून बाहेरच करा. आत फोडणी दिलीत तर मोहरीचा वास कॅनव्हासमध्ये महिनाभर मुक्कामाला राहतो, आणि वाफेने भिंती ओल्या होतात त्या वेगळ्याच. गॅस प्रोपेनचा घ्या, ब्यूटेन शून्याच्या आसपास बाटलीतून बाहेरच यायला तयार होत नाही. दोन लिटरचा छोटा कुकर मात्र न्याच. ब्राइस कॅन्यनला आठ हजार फुटांवर पाणी ९२ अंशांतच उकळतं, उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. आत हीटर किंवा शेगडी काहीही पेटणार असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, म्हणून जमिनीलगतही एक झरोका ठेवा.

मापं ठरवताना रुंदी ८० इंचांच्या आत ठेवा, त्यापुढे गाडीला जास्तीचे दिवे लावावे लागतात. बंद उंची सात फुटांच्या आत राहिली तर घरच्या गॅरेजमध्ये शिरेल. कॅबच्या मागचा तिसरा ब्रेक लाइट झाकला जातो, तो कॅम्परच्या मागे पुन्हा जोडून घ्या. बांधून झाल्यावर पाणी भरून, दोघं बसून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, गाडी न्या. तिथे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं, आणि मागचा आकडा स्टिकरजवळच्या अ‍ॅक्सल मर्यादेशी ताडून बघता येतो.

यलोस्टोनचं बुकिंग करताना एक लक्षात ठेवा: तिथल्या फिशिंग ब्रिज या मुक्कामाच्या जागी अस्वलांमुळे फक्त टणक भिंतींच्या गाड्यांनाच मुक्काम देतात, कापडी भिंतींचा पॉप-अप चालत नाही. त्याऐवजी मॅडिसन किंवा ग्रँट व्हिलेज बघा, तिथे तंबूही चालतात.