पक्ष फुटले, सरकारं बदलली, मग मतदानाला जायचंच कशाला?

प्रश्न : सर नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला, वय 34, पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन अन् कापूस. 2019 ला ज्या पक्षाला मत दिलं त्याचेच दोन झाले, ज्यांच्या विरोधात मत दिलं ते मधीच सरकारात येऊन बसले. टीव्ही लावला की कोण फुटलं तेच, अन् इकडं 2024 ला हमीभाव 4892 असताना माझं सोयाबीन आडतीवर 4100 नं गेलं, विचारावं कोणाला? विहिरीची फाईल दोन वर्षं झाले पंचायत समितीत पडून आहे. या दोन गटांपायी चुलतभावासंग बोलणं बंद झालंय. बाबा म्हणतात गप बस, आपल्याला काय करायचं त्या राजकारणाचं. मला खरंच वाटायलंय की आता मतदानालाच जायचं नाही. हे चूक आहे का? देश असाच चालणार का?

उत्तर : भाऊ, आधी चुलतभावाच्या घरी जा. हे पहिलं लिहायलोय कारण बाकीचं सगळं त्याच्या नंतरचं आहे. ज्या नेत्यांपायी तुमचं बोलणं बंद झालं ते उद्या एका मंचावर शेजारी बसतील, बसलेलेही आपण बघितलेत, पण तुमचा बांध एक, पाणी एक, अडीनडीला रात्री धावून येणार तोच.

आता रागाचं. तुमचा राग बरोबर आहे आणि तो कमी करा असं मी सांगणार नाही. एकाच विधानसभेत आपण तीन मुख्यमंत्री बघितले, 23 नोव्हेंबर 2019 ला सकाळी सकाळी झालेला फडणवीसांचा शपथविधी अन् तीन दिवसांत राजीनामा, मग दोनच दिवसांनी शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंची शपथ, जून 2022 ला शिवसेनेतलं बंड, सुरत, गुवाहाटी अन् 30 जूनला एकनाथ शिंदे, वरून 2 जुलै 2023 ला दुसरा पक्ष, राष्ट्रवादी, फुटला. यात मतदाराला कोणीच काही विचारलं नाही. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 चा आहे, तेव्हा त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर चालतं अशी पळवाट होती, लोक चिडले, चर्चा झाली अन् 2003 ला ती काढली. आता दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची वाट उरलीय. पण निकाल द्यायचा विधानसभा अध्यक्षांनी, आणि जून 2022 च्या बंडाचा निकाल आला 10 जानेवारी 2024 ला, म्हणजे दीड वर्षानं! तोवर सरकार चाललंच की. माझ्या मते खरी मागणी इथं करायला पाहिजे, की हा निकाल ठरलेल्या मुदतीत लागलाच पाहिजे अन् तो पक्षाच्याच माणसाच्या हातात नको.

पण मला जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू का, वरची खुर्ची हलली की खालचं काय काय हलतं त्याचं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हे 2017 ला ठरलं, सरकार बदललं की 2020 ला रद्द झालं, परत सरकार बदललं की 2022 ला परत थेट. गावात माणसं तीच, नियम तीनदा वेगळा. मराठवाडा वॉटर ग्रीडचं, म्हणजे धरणं पाइपलाइननं जोडायच्या योजनेचं, पण तसंच, 2019 च्या निवडणुकीआधी गाजावाजा, सरकार गेलं की योजना मागं, नंतर परत चर्चा. जायकवाडीची पायाभरणी 1965 ला झाली अन् 1976 ला धरणाचं उद्घाटन, त्या अकरा वर्षांत मुख्यमंत्री दोनच होते, वसंतराव नाईक अन् आपले शंकरराव चव्हाण. एकच सरकार राहिलं म्हणजे सगळं चांगलंच असं म्हणत नाही मी, पण पाण्याचं काम पाच वर्षांत संपत नाही, त्याला दहा-बारा वर्षं कोणीतरी धरून बसावं लागतं.

आणि तुमच्या विहिरीची फाईल. मार्च 2022 ला आपल्या मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले, अन् निवडणुकांचं तीन वर्षांच्या वर लांबलं, शेवटी 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार आठवड्यांत अधिसूचना काढा. म्हणजे एवढा काळ झेडपी मेंबर नाही, सभापती नाही, ज्याच्या दारात जाऊन बसावं असा निवडून आलेला माणूसच तालुक्यात नव्हता. सभापती भांडकुदळ असू दे, टक्केवारी खाणारा असू दे, पण त्याला परत मतं मागायला तुमच्या पारावर यावं लागायचं, प्रशासक साहेबांची तर बदली होऊन जाते. गुवाहाटीच्या बातम्या आपण महिनाभर बघितल्या, हे मात्र कोणी पाच मिनिटं नीट दाखवलं नाही.

म्हणून मतदान सोडू नका. तुम्ही घरी बसले म्हणून मतदान थांबत नाही, पाकीट घेतलेला तर सकाळी सातलाच रांगेत असतो. कोणीच पटत नसेल तर 2013 पासून नोटा आहे, त्यानं विधानसभेला निकाल बदलत नाही हे खरं, पण तुमच्या नावावर दुसरं कोणी बटण दाबायची भीती तरी राहत नाही. आणि झेडपी-पंचायत समितीचं मत विधानसभेपेक्षा जपून द्या, तिथं पक्षाचं चिन्ह कमी अन् माणूस जास्त बघा, फाईल घेऊन तुमच्यासंग बीडीओच्या, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याच्या, केबिनमध्ये येईल का एवढंच बघा.

बाबांना म्हणावं गप बसून विहीर होत नाही. साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, अन् तीनच गोष्टी विचारा : माझी फाईल कोणत्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर आहे, त्यावर आजपर्यंत काय शेरे लिहिले, अन् कोणत्या कारणानं थांबलीय. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाही आलं तर पहिलं अपील करा. अर्ज देताना दप्तर दिरंगाईच्या 2005 च्या कायद्याचं नाव तोंडी काढा, त्यात लिहिलंय की साधारणपणे सरकारी कर्मचाऱ्याकडं फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक नंबर अन् शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका, आणि जाताना चुलतभावाला संग न्या, त्याची पण एखादी फाईल तिथं अडकलेली असणार.