रविवारी कसं दुखत नाही?

मी समुपदेशक आहे. जून ते सप्टेंबर या काळात माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांपैकी बरेच जण एकच तक्रार घेऊन येतात. शाळेची वेळ झाली की मुलाचं पोट दुखतं, कधी डोकं, कधी मळमळ. दहा वाजले की सगळं शांत. दुपारी पोरगं सायकल घेऊन खाली. मग प्रश्न येतो: "हा नाटक करतोय का? आणि करत असेल तर शाळा बदलायची का?"

सहावीतल्या एका मुलाची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, त्याच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे. घरी त्याला जसं हाक मारतात तसं इथे त्याला दादू म्हणू.

दादूचं कुटुंब मूळचं धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचं. वडील वीसेक वर्षांपूर्वी नाशिकला आले, अंबडच्या एमआयडीसीत कंपनीत आहेत. आई घरी शिवणकाम करते, आजी सोबत असते. शाळा घरापासून तीन गल्ल्या सोडून. वस्तीतल्याच लोकांनी मिळून काढलेली छोटी शाळा, एका वर्गाची एकच तुकडी, तुकडीत बावीस-तेवीस मुलं. बाईंना प्रत्येक मुलाचं घर माहीत. मुलांच्या आया एकाच भिशीत, वडील एकाच गणपती मंडळात. अशा शाळेत मुलाला माया फार मिळते. पण तिथे काही घडलं की ते शाळेच्या फाटकाशी थांबत नाही, हे पुढे येईलच.

ते माझ्याकडे आले तोवर तीन आठवडे झाले होते. बालरोगतज्ज्ञांना दाखवून झालं होतं, जंतांचं औषध झालं होतं, सोनोग्राफी झाली होती. आजीने बेंबीला हिंग लावला होता, मीठ-मोहरीने नजर काढली होती. सगळे रिपोर्ट चांगले होते आणि वडिलांच्या रागाचं कारण नेमकं तेच होतं. खुर्चीवर बसता बसता ते म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग रविवारी कसं दुखत नाही याचं?"

तपासणी आधी करून घेतली हे चांगलंच झालं. पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप, वारंवार उलट्या किंवा शौचातून रक्त असेल, तर समुपदेशकाकडे यायच्या आधी डॉक्टरच. दादूला यातलं काही नव्हतं.

पण रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं, हा हिशेब चुकतो. धोका जाणवला की मेंदू शरीराला तयारीला लावतो. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, पचन मागे पडतं, आतडी आवळतात. परीक्षेच्या आधी आपल्यालाही दोनदा संडासला जावं लागतं, तेव्हा आपण नाटक करत नसतो. सोनोग्राफीत दिसत नाही, पण कळ खरी असते. मी वडिलांना एवढंच म्हटलं, "रविवारी दुखत नाही, कारण रविवारी ज्याची भीती वाटते ते नसतं. ते काय आहे, एवढं शोधायचंय."

दादू पहिल्या भेटीत बोलला नाही. मान खाली. उजव्या हाताच्या अंगठ्याने शर्टाचं खालचं बटण फिरवत होता, इतकं की दोरा सैल झाला होता. शाळेत कोणी मारतं का? मान नकारार्थी. अभ्यास अवघड जातो का? पुन्हा तेच. दुसऱ्या भेटीला आईला शिवणाची घाई होती म्हणून आजी त्याला घेऊन आली. मी कागद आणि रंग पुढे सरकवत होते, तेवढ्यात आजीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या बोलीत विचारलं, "काय व्हयनं रे भाऊ?"

तो हळूच म्हणाला, "मनं पोट दुखस." आणि लगेच दचकून दाराकडे पाहिलं. वडील तिथे नव्हते, तरी.

त्या दचकण्यात सगळं होतं. पुढचा अर्धा तास तो आजीकडे तोंड करून बोलत राहिला, मी ऐकत होते.

त्यांच्या शाळेत रोज परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग आजच्या बातम्या. बातम्या वाचायची पाळी वर्गावर्गाने येते. ऑगस्टमध्ये दादूची पाळी आली. धरणं भरायचे दिवस. बातमी होती गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडल्याची आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आल्याची. पूर किती, हे नाशिककर मारुतीच्या अंगावरूनच मोजतात. गुडघा, कंबर, छाती असं सांगितलं की प्रत्येकाला कळतं. दादूने आदल्या रात्री बातमी चार वेळा वाचली होती. आईला म्हणून दाखवली होती. पण समोर पूर्ण शाळा उभी, हातातला कागद थरथरतोय, आणि जीभ घरच्या वाटेने गेली. "आज सकाळी पाण्याची पातळी वाढली" हे वाक्य त्याच्या तोंडून "आज सकायी पान्याची पातयी वाढली" असं बाहेर पडलं.

मागून कोणीतरी हसलं. मग सगळे. बाईसुद्धा हसल्या, हे त्याने दोनदा सांगितलं.

मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव 'सकायी' पडलं होतं. संध्याकाळी दुकानात दूध आणायला गेला तर दुकानदाराच्या मुलाने तीच हाक मारली. गणपतीच्या मांडवात वर्गातल्या एका मुलाच्या आईने लाडाने गाल ओढून म्हटलं, "काय रे सकायी!" तिच्या मनात काहीच वाईट नसणार. पण मोठ्या शाळेत अशी गोष्ट आठ दिवसांत विरते, कारण पुढच्या वर्गाला ती माहीतच नसते. छोट्या वस्तीत ती रोज नव्याने कोणीतरी सांगतं. दादूला बातमी वाचता आली नाही आणि तोच वस्तीची बातमी झाला.

इथे थोडं बोलीविषयी सांगायला हवं, कारण अजूनही अनेक घरांत हिला 'अशुद्ध बोलणं' म्हणतात. दादूच्या घरची बोली अहिराणी, खानदेशी गटातली. अहिराणीत मराठीच्या ळ च्या जागी बहुतेकदा य येतो आणि ण चा न होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. हा त्या भाषेचा नियम आहे, जिभेचा आळस नव्हे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी गटातल्या भाषा आपली मातृभाषा म्हणून सांगणारे अठरा लाखांहून जास्त लोक आहेत. आणि धुळे-जळगाव कशाला, नाशिक जिल्ह्यातच बागलाण, मालेगाव, देवळा, कळवणकडे जा, बाजारात कानावर हीच बोली पडते. प्रमाण मराठी दादूला शिकायची आहेच, तो शिकतोही आहे. पण घाबरलेलं माणूस आईच्या भाषेत ओरडतं, तसं झालं.

मला जास्त काळजी घरात काय घडलं याची होती. वडिलांच्या कानावर हे मांडवातून आलं. त्या रात्री त्यांनी फर्मान काढलं: आजपासून घरात अहिराणी बंद. आजीशीसुद्धा शुद्ध बोलायचं. दादू 'पानी' म्हणाला की 'पाणी' दहा वेळा म्हणायचं. जेवताना, टीव्ही बघताना. आजीला दुसरी भाषा येत नाही. म्हणजे पोरगं आजीशी बोलायचंच थांबलं. शाळेत हसण्याची भीती आणि घरी चुकण्याची. पोट दुखणार नाही तर काय?

वडिलांना मी एकट्याला बोलावलं. दोष द्यायचा नव्हता. विचारलं, "तुम्ही नाशिकला आलात तेव्हा कसं होतं?" बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, कंपनीत लागलो तेव्हा सुपरवायझर माझं बोलणं ऐकून इतरांना बोलवायचा, 'ऐका ऐका' म्हणून. सहा महिने डबा एकटा खाल्ला. "पोरावर ती वेळ येऊ नये म्हणून करतोय मॅडम." त्यांचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "वेळ येऊन गेलीय दादा. आता त्याला डबा एकट्याने खायला लागू नये, ते बघू." हा माणूस कठोर नव्हता. वीस वर्षांपूर्वीचा अपमान मुलाच्या वाटेतून बाजूला करायला निघाला होता आणि नकळत तोच रोज ताटावर वाढत होता.

शाळा बदलण्यावर ते ठाम होते. शिवाय बाईंची तक्रार करायचीही त्यांची तयारी होती. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा करण्यावर आणि त्याचा मानसिक छळ करण्यावर बंदी आहे, आणि जिथे शाळा ऐकतच नाही तिथे त्या वाटेने जरूर जावं. इथे मी आधी बाईंशी बोलू द्या म्हटलं. बाई आल्या, बसल्या आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मी पण हसले हो. तो रडला असता तर कळलं असतं. तो शांतपणे जागेवर जाऊन उभा राहिला." पुढच्या महिन्याभरात जे जमलं त्यातलं अर्धं श्रेय मी या एका वाक्याला देते.

घरी राहू देणं आणि ओढत नेणं, या दोन्हींच्या मधली वाट काढायची होती. मूल घरी राहिलं की त्याला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं. ते सुटणंच भीतीला खतपाणी घालतं, दुसऱ्या दिवशी पाऊल आणखी जड होतं. तीन आठवड्यांचे तीन महिने असेच होतात. म्हणून शाळेत जाणं शक्य तितक्या लवकर सुरू करायचं, पण तुकड्यांनी. पहिले दोन दिवस दादू मधल्या सुट्टीनंतर गेला, फक्त दोन तास. मग दुसऱ्या तासापासून. परिपाठ सगळ्यात शेवटी. पोट दुखलं तर बाईंना सांगून दहा मिनिटं कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसायचं, पाणी प्यायचं, परत वर्गात. घरी फोन करायचा नाही. हे तिघांनी, म्हणजे त्याने, बाईंनी आणि आईने मिळून ठरवलं.

ज्या दिवशी जमलंच नाही त्या दिवशीचा नियमही ठरला: घरी शाळेसारखाच दिवस. टीव्ही नाही, मोबाइल नाही, शाळा सुटेपर्यंत सायकल नाही. रागावणं नाही आणि लाडही नाहीत. आईला हे सगळ्यात अवघड गेलं. सकाळचा प्रश्नही आम्ही बदलला. "खरं सांग, दुखतंय का?" या प्रश्नात मुलाला फक्त आरोपी होता येतं. त्याऐवजी ती म्हणायला लागली, "दुखतंय, कळलं मला. थोड्या वेळात कमी होतं, आपण पाहिलंय. चल, बूट घाल."

बाईंनी वर्गात भाषण दिलं नाही, हे मला फार आवडलं. त्यांनी मुलांना घरची बोली विचारली. बावीस मुलांत अहिराणीवाले सात निघाले, दोघांच्या घरी कोकणी, तिघांच्या घरी हिंदी. फळ्यावर 'डोळा' लिहून प्रत्येक घरातला शब्द त्याच्याखाली लिहिला. 'सकायी' म्हणून हसणाऱ्यांतला एक जण स्वतः कळवणचा होता. दादूला त्या दिवशी काहीच करावं लागलं नाही, तो नुसता बसून होता.

परिपाठात तो आधी शेवटच्या रांगेत उभा राहिला. मग दुसरा मुलगा बातम्या वाचताना त्याच्या शेजारी वर्तमानपत्र धरून. मग बातमीचा मथळा फळ्यावर लिहिण्याचं काम त्याच्याकडे आलं. अक्षर त्याचं सुरेख आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर दिनविशेषाची एक ओळ त्याने वाचली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही, असं बाई म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

आणि दिवाळीची सुट्टी संपली तशी पोटदुखी परत आली. वडिलांचा फोन आला, आवाज पडलेला. "सगळं पाण्यात गेलं मॅडम." मला याची अपेक्षा होती आणि ती मी आधीच त्यांना सांगून ठेवायला हवी होती. लांब सुट्टीनंतर, आजारपणानंतर, कधी नुसत्या सोमवारीही हे उलटतं. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. एक पायरी खाली उतरून परत चढायचं. दादूला चार दिवस लागले.

घरातलं फर्मान वडिलांनी स्वतः मागे घेतलं. रोज रात्री दादूने आजीला वर्तमानपत्रातल्या दोन बातम्या सांगायच्या असं मी सुचवलं होतं. छापलेलं मोठ्याने वाचायचं, मग आजीला कळेल असं तिच्या भाषेत सांगायचं. दोन्ही भाषा, प्रत्येकीला तिची जागा. आजीला वाचता येत नाही, त्यामुळे या कामाची तिला खरीच गरज होती आणि मुलांना खोटी कामं लगेच ओळखू येतात.

तुमच्या घरी असंच काही चाललं असेल आणि जवळपास समुपदेशक नसेल, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तीन आठवडे थांबू नका.

जानेवारीत वडिलांचा पुन्हा फोन आला. कंपनीतून, जेवणाच्या सुट्टीत. मागे डब्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, परत काही बिघडलं. ते म्हणाले, काल आजी लवकर झोपली होती. पोरगं पेपर घेऊन तसंच बसलेलं. "मग मीच जवळ बसलो मॅडम. विचारलं, 'आज काय वाचं रे भाऊ?' माझ्या तोंडून किती वर्षांनी निघालं ते. तो बघतच राहिला माझ्याकडे. मग सांगायला लागला. अकरा वाजले आम्हाला."