कार अपहोल्स्ट्री छंद म्हणून घरी शिकता येते का? आईचं शिलाई मशीन चालेल का?

येते की. अपहोल्स्ट्री म्हणजे गाडीच्या सीटचं फोम-कव्हरचं काम. मी सहा वर्षं करतोय आणि माझा शिवणकामाशी आधीचा संबंध म्हणजे शर्टाचं बटण, तेही तुटलं की बायकोकडे द्यायचं. तुम्ही विचारलंय क्लास लावू का, मशीन कुठलं घेऊ, आणि आईचं जुनं पायाचं मशीन चालेल का. मशीनचं शेवटी सांगतो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि पैसे घालवून बसतात.

माझं सुरू झालं ते बाबांच्या मारुती 800 पासून. ड्रायव्हर सीटची डावी कड फाटून फोम बाहेर आलेला, बसलं की पँटला पिवळी पावडर लागायची (जुना फोम असाच भुगा होतो, त्याला इलाज नाही, बदलायचाच). कुशनवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला वरनं कव्हर चढवून देतो, संध्याकाळी या. मला ते नको होतं, आतलं सडकं तसंच ठेवून वर नवीन कपडे घालायचे म्हणजे काय. मग म्हटलं आपणच बघू.

तर पहिलं काम शिवायचं नाहीच, उसवायचं आहे. जुनं कव्हर हाच तुमचा क्लास समजा. सीट रुळावरचे चार बोल्ट काढून बाहेर घ्या, उलटी करा, खाली कव्हर लोखंडी रिंगांनी तारेला अडकवलेलं दिसेल, त्या रिंगा कटरने तोडायच्या. कव्हरच्या आत शिवलेल्या नळीसारख्या पट्टीत बारीक सळया असतात, त्या फेकू नका, नव्या कव्हरला त्याच लागतात आणि बाजारात त्या मापाच्या मिळत नाहीत. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. आणि टीप उसवायच्या आधी (आधी!!) प्रत्येक तुकड्यावर पेनाने नंबर, वरची बाजू कुठली त्याचा बाण, आणि शिवणीला आडव्या खुणा करा दर तीन-तीन इंचांवर, म्हणजे दोन तुकडे परत जोडताना खुणेला खूण लागते. मी पहिल्या वेळी खुणा केल्या नव्हत्या, चौदा तुकडे गॅलरीत पसरले आणि दोन तास नुसता बघत बसलो.

सीटखाली काय काय सापडतं ते वेगळंच. आम्हाला आजीच्या गोळ्यांची पट्टी, एक पेनाचं टोपण आणि चार आण्याचं नाणं मिळालं, जे 2011 पासून चालतच नाही.

आता रेक्झीन. हे मूळ एका ब्रँडचं नाव, मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचं, आपण सगळ्याच नकली चामड्याला तेच म्हणतो, हल्ली ते पीव्हीसी असतं. याचा एक स्वभाव कपड्यापेक्षा वेगळा आहे, सुईचं भोक पडलं की पडलं. कापडात टीप चुकली तर उसवून परत मारता येते, इथे उसवली की भोकांची रांग तशीच दिसते. आणि बारीक टाका घातला की मजबूत होईल असं वाटतं ना, उलट होतं, पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांवरून फाटतं. टाका चार-पाच मिलिमीटरचा ठेवा. टाचण्या लावायच्या नाहीत, वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे लावायचे. रेक्झीन मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाला चिकटून सरकत नाही, तेव्हा वर पातळ कागद ठेवून त्यावरून टीप मारा, नंतर कागद फाडून टाका. दोरा साधा नको, उन्हात काचेआड लवकर जातो, जाड पॉलिएस्टर मागा, सुई 18 नंबरची, म्हणजे जाड.

माझ्या दोन मोठ्या चुका सांगतो. एक, रेक्झीनला उलट-सुलट बाजू असते, त्यामुळे डाव्या कडेचा नमुना पालथा केला की उजवी कड होते. मी पालथा करायचा विसरलो आणि दोन्ही डाव्याच कापल्या. अर्धा मीटर गेलं. दुसरी, शेजारच्या काकूंनी, त्या ब्लाउज शिवतात, सांगितलं माया (शिवणीबाहेर सोडतात ते जादा कापड) भरपूर ठेव, पुढेमागे सैल करता येतं. ब्लाउजला बरोबर असेल, सीटला नाही. जुन्या कव्हरची माया मोजा, माझ्या गाडीत एक सेंटिमीटरच्या आसपास होती, तेवढीच ठेवा. मी अर्धा इंच जास्त ठेवून टीप मात्र जुन्याच अंदाजाने मारली आणि कव्हर असं झोळदार झालं की बाबा म्हणाले सीटला लेंगा घातलाय का.

कव्हर थोडं घट्टच हवं. चढवायचं भर दुपारी, एप्रिल-मेमधे, आधी तासभर उन्हात टाकून, मग ते मऊ पडतं आणि ओढता येतं. पावसाळ्यात हेअर ड्रायर. फोम 40 डेन्सिटीचा घ्या, त्याखालचा लवकर बसतो. फोम चिकटवायला फेव्हिकॉलचं एसआर 998, दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबायचं, ओलं असताना दाबलं तर निघून येतं. हे उघड्यावर करा, वास डोक्यात जातो आणि पेटतंही पटकन. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगमधून दोनदा उठवलंय, आता गच्चीवर करतो.

एक गोष्ट मात्र गंमत नाही. गाडी नवीन असेल आणि सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचा टॅग असेल तर त्या सीटला हात लावू नका. तिथली शिवण एअरबॅग फुटताना उसवावी म्हणून मुद्दाम तशी घातलेली असते, आपण तिथे दणकट टीप मारली की संपलं. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तरी तेच, तो विषय कंपनीच्या वर्कशॉपचा. शिकायला जुनी गाडीच बरी.

खरं तर गाडीच्याही आधी बाईकची सीट करा. खाली प्लॅस्टिकचा बेस, कव्हर नुसतं स्टेपलर पिनांनी ठोकलेलं, तुकडे तीन-चारच. पिना स्क्रू ड्रायव्हरने उचकटा, परत ठोकताना स्टेनलेसच्या घ्या, नाहीतर गंजतात. बिघडली तरी नुकसान थोडं आणि एका रविवारात होते. मी मेव्हण्याच्या स्प्लेंडरवर हात साफ केला, तो अजून तीच सीट वापरतो, शिवण एका बाजूला नागमोडी आहे पण पाणी आत जात नाही.

क्लासचं म्हणाल तर मला मिळाला नाही. पुण्यातल्या नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जायचो तेव्हा एका कुशनवाल्या चाचांच्या दुकानाबाहेर उभा राहायचो, चार शनिवार काही बोलले नाहीत, पाचव्या शनिवारी म्हणाले उभा आहेस तर हे पायपिंग धर. पायपिंग म्हणजे शिवणीत कडेने घालतात ती गोल पट्टी, ती कशी वळवायची ते तिथे कळलं, कोपऱ्यावर आतली माया कात्रीने चिरायची, नाहीतर चुण्या पडतात. पुस्तकं वाचून हे हाताला येत नाही.

आणि आता आईचं मशीन. काळं, लोखंडी, पायाचं असेल तर रेक्झीनचे दोन थर आरामात शिवतं, तीन थर कुरकुरत. पायपिंग आलं की चार-पाच थर होतात, तिथे पायाने न मारता चाक हाताने फिरवा, एकेक टाका. मी पहिली अख्खी सीट तशीच केली. प्लॅस्टिकचं हलकं घरगुती मशीन असेल तर घालू नका, मोडेल. वॉकिंग फूटवालं, म्हणजे ज्याचा वरचा पायही कपडा ओढतो, ते मशीन मी तिसऱ्या वर्षी सेकंडहँड घेतलं, चांगल्या मोबाईलइतके पैसे गेले.

रेक्झीनचा पन्हा (रुंदी) 54 इंच असतो, पुढच्या दोन सीटना मला साडेचार मीटर लागलं, त्यात ती दुसरी डावी कडही आली. तुम्ही पाच घ्या, एकाच रोलमधलं, नंतर परत गेलात तर तोच रंग मिळत नाही. आणि आईच्या मशीनला काम झाल्यावर तेल घालून, तिची आधीची सुई परत लावून ठेवा, तिला 18 नंबरच्या सुईने साडीचा फॉल लावायला लागला की तुमचा छंद तिथेच बंद.